घोड्याची मान तुटेपर्यंत

ऐनशूहा
९ डिसेंबर १९९८

आणि वर तू मलाच विचारतोस, हिवाळ्यात खाली समुद्राकाठी का उतरत नाही म्हणून. कुठल्या घरी उतरू, तानिऊस? खालचं घर तू विकलंस. पंधरा वर्षं झाली त्याला. ब्राझीलमध्ये बसून वकिलाच्या हातून विकलंस, आणि आईला कळेपर्यंत नव्या मालकाने अंगणातलं संत्र्याचं झाड तोडलंही होतं. आता सात वर्षं काही न लिहिता एकदम तुझं एक कार्ड येतं, त्यावर माडाची झाडं, आणि मागे ही ओळ: ‘खाली हवा उबदार असते, आईच्या गुडघ्यांना बरं पडेल.’ आईने कार्ड दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा मी ती ओळ गाळली.

सगळं गाव उतरायचं तेव्हा. बार्बरेचा सण झाला, पोरांनी मुखवटे लावून उकडलेले गहू खाल्ले, की दुसऱ्या दिवशी शेळ्या पुढे, गाढवं मागे. एप्रिलपर्यंत वर कुत्रंही राहत नसे. म्हणून तर बाबांनी बर्फ देऊन टाकला. जे आपण कधी बघतच नाही ते दिलं काय आणि ठेवलं काय.

ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी चौदा वर्षांची, खाली होते. तू आणि बाबा छतावरचा बर्फ उपसायला वर गेला होतात, छत बसू नये म्हणून. वादळात अडकलात. आणि दारात तो मस्यू एदमों उभा, बैरूतच्या बँकवाल्याचा मुलगा, पायाला लाकडाच्या फळ्या, मिशीत बर्फ. चार दिवस आपल्या शेगडीपाशी बसून किश्कचं कढण प्यायला, आणि पाचव्या दिवशी म्हणाला, हा उतार मला द्या. बाबा म्हणाले, ‘माती विकत नाही. बर्फ पाहिजे तर घेऊन जा.’ आणि हसले. तू हसला नाहीस. तू सतरा वर्षांचा, त्याच्या फळ्या पायाला बांधून तोवर दोनदा आपटलाही होतास. तूच बाबांच्या कानाशी लागलास, लिहून द्या, लिहून द्या.

फादर युवाकीमने लिहिलं, बाबांनी अंगठा लावला. मला तो कागद तोंडपाठ आहे. ‘पहिला बर्फ टिकल्यापासून समोरच्या कड्यावरच्या घोड्याची मान तुटेपर्यंत, सरकीसच्या उतारावरचा बर्फ मस्यू एदमों यांचा. माती, दगड, झरा सरकीसचे.’ घोडा आपल्याकडे कुणाला समजवावा लागत नव्हता. वसंतात कड्यावरचा बर्फ वितळत वितळत मागे उरतो तो घोड्यासारखा दिसतो, आणि एक दिवस उन्हाने त्याची मान धडापासून सुटते. त्या दिवशी शेळ्या वर न्यायच्या. बापजाद्यांपासून तेच. कागदात सगळं होतं. वाट नव्हती. दाराबाहेर पाय कुठे ठेवायचा, ते नव्हतं. हिवाळ्यात त्या घरात कुणी राहील हे बाबांच्या डोक्यात आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

आता मी राहते. आई राहते, चौऱ्याऐंशी वर्षांची.

तू गेलास तेव्हा इथे एक तार होती आणि गंजलेले खांब. आता बघशील तर ओळखणार नाहीस. मस्यू एदमोंच्या पोरांनी सगळं एका कंपनीला दिलं, त्याला चार वर्षं झाली. कंपनीने नाव ठेवलं किम्मा. पाच मजली हॉटेल, आत गरम पाण्याचा तलाव, बाहेर बर्फ आणि आत बायका पोहतायत. श्रीमंतांचे लाकडी बंगले थेट चर्चच्या भिंतीपर्यंत आलेत. पाळण्यांच्या तारा चार. त्यातली सगळ्यात लांब आपल्या छतावरून जाते, आणि सगळ्यात मोठा उतार आपल्या दारातून. गाढवाची जुनी वाट त्या उताराखाली गाडली गेली. घराभोवती नारिंगी जाळी लावलीय, स्कीवाले भिंतीवर आपटू नयेत म्हणून. आम्ही जाळीच्या आत. उतारावर चालायला बंदी, कुणी भरधाव येऊन धडकेल. मला गळ्यात अडकवायचं एक कार्ड दिलंय. ते दाखवलं की पाळण्यात बसून खाली गावात जाता येतं, गाव आता कंपनीच्या कामासाठी हिवाळ्यातही समुद्राकाठी उतरत नाही. चार वाजता पाळणे बंद. मग सकाळी नऊपर्यंत जे काय व्हायचं ते घरात.

आई पाळण्यात बसू शकत नाही. तीन हिवाळे ती उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. खिडकीशी बसते आणि त्यांना बघते. ‘आणखी एक पडला. देव त्याला उभं करो, पण घाई नको.’ काल एक बाई आत आली, अंगात लांडग्याची फर, जोडे न काढता. विचारते, ‘इथे कॉफी मिळते का?’ आई म्हणाली, ‘मिळते. आधी दार लाव, मग सांग तू कुणाची.’ बाई बिचारी बसली. आईने तिला तिच्या आजोळापर्यंत विचारलं, मग कॉफी दिली.

कंपनीला घर हवंय. मॅनेजर मस्यू गसान म्हणतो, तिघांच्या सह्या लागतील, आई, मुलगा, मुलगी. ‘तुमच्या भावाशी आम्ही बोलतोच आहोत, मादाम मुंतहा.’ बोलतायत का? तेवढं लिही. माडाची झाडं नकोत.

आई तुला आशीर्वाद पाठवते. मी पाठवत नाही.

मुंतहा


ऐनशूहा
२० जानेवारी १९९९

पत्र पोचलं. चार ओळी, पण आलं. रूकोझ घेऊन आला. नाजीबचा रूकोझ, ज्याला तू खांद्यावर बसवून फळ्यांवरून घसरायचास. आता पाळण्यांच्या खालच्या ठाण्यावर बटणापाशी असतो, चाळिशीला आलाय, अजून तुझं नाव काढतो, मला अजून मावशी म्हणतो. म्हणाला, ‘ख़ालती, तानिऊसचं अक्षर. मी लांबून ओळखलं.’

तू लिहितोस: ‘कंपनीने मला लिहिलं आहे. आई आहे तोवर मी कशावरही सही करणार नाही. नंतरचं नंतर पाहू. बाबांचा कागद नीट ठेव.’

आईला काय वाचून दाखवू यातलं? ‘नंतरचं’ कसं वाचू? मी म्हटलं, तानिऊस म्हणतो घर विकायचं नाही. ती म्हणाली, ‘मग तो माझा मुलगा.’ जरा वेळाने म्हणते, ‘एवढंच? पत्र तर भरलेलं दिसतंय.’ मी म्हटलं, अक्षर मोठं काढतो तो. ‘लहानपणापासून,’ म्हणाली. ‘कागद वाया घालवायचा.’

कागदाचं सांगते. आधी सांगणार नव्हते. कागद माझ्याकडे नाही.

दोन वर्षांपूर्वी हॉटेलचं उद्घाटन होतं. मस्यू गसान स्वतः वर आला, चॉकलेटचा डबा घेऊन. म्हणाला, आत एक भिंत करतोय, किम्माचा इतिहास, जुने फोटो, जुन्या फळ्या, तुमच्या वडिलांशिवाय ती भिंत अपुरी. मला बरं वाटलं. तुला खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. बाबांना मरून वीस वर्षं झाली, कुणी नाव घेत नव्हतं. मी कागद काढून दिला. पोचपावती घेतली नाही, विचारलंही नाही, परत कधी देणार. उद्घाटनाला मला बोलावलं, सगळ्यांसमोर बाबांचं नाव वाचलं, आणि त्यानंतर मी त्या दारातून आत गेलेली नाही, कारण आत फक्त पाहुण्यांना सोडतात.

परवा तुझं पत्र आल्यावर गेले. दारावरच्या पोराशी भांडून गेले. भिंत मोठी आहे, पिवळे दिवे सोडलेत तिच्यावर. बाबांचा कागद काचेत. टेबलामागच्या पोरीला म्हटलं, ‘हा मला परत हवा.’

‘मादाम, तो आता संग्रहात आहे.’

‘माझ्या बापाचा अंगठा आहे त्यावर.’

‘हो मादाम, म्हणूनच लावलाय. पाहुण्यांना फार आवडतो.’

तिने मला एक पुस्तक दिलं, गुळगुळीत कागदाचं, फ्रेंचमध्ये आणि खाली अरबीत. अरबी मी वाचलं, बोट ठेवून ठेवून. ‘सरकीस नावाच्या एका प्रेमळ मेंढपाळाने आपल्या झोपडीचं दार उघडलं.’ बाबांनी आयुष्यात मेंढी पाळली नाही. आणि झोपडी? आजोबांनी फोडलेल्या दगडाच्या भिंती आहेत, हातभर जाड. लढाईची पंधरा वर्षं एका ओळीत: ‘काही काळ सेवा खंडित होती.’ खंडित कधी होती? खाली शहरात तोफगोळे पडायचे आणि वर, ज्यांच्याकडे गाड्या होत्या, ते घसरत असायचे. जुन्या हॉटेलात खोलीखोलीत पळून आलेली बिऱ्हाडं होती, आई त्यांच्यासाठी रोज तव्यावर भाकऱ्या थापायची, आणि त्याच हॉटेलच्या गच्चीवर लोक उन्हात बसून वाइन प्यायचे. ते भिंतीवर नाही.

भिंतीवर तू आहेस. वीसेक वर्षांचा, पांढरा स्वेटर, आईने विणलेला, दोन्ही काठ्या एका हातात, मागे पहिली तार. खाली लिहिलंय, ‘एक स्थानिक मार्गदर्शक’. पोरीला म्हटलं, ‘हा तानिऊस सरकीस. इथल्या सगळ्यांना यानेच शिकवलं. मस्यू एदमोंच्या मुलींना कडेवर घेऊन शिकवलं.’ ती म्हणाली, लिहून घेते. लिहिलं नाही, मी बघत होते.

यंदा बर्फ कमी पडला म्हणून कंपनीने तोफा लावल्यात, बर्फ फेकणाऱ्या. पहाटेपासून घरघर. त्यांना पाणी कुठलं? आपल्या झऱ्याचं. कागदात झरा आपला. पाणी आपलं, आणि नळीतून बाहेर पडून गोठलं की त्यांचं. गेल्या वर्षी घोड्याची मान तुटून तीन आठवडे झाले तरी दारात तोफांचा बर्फ तसाच, आणि जाळीही तशीच. मी मस्यू गसानला अंगणात उभं करून कडा दाखवला.

‘मान तुटली. उतार आमचा. जाळी काढा.’

‘मादाम मुंतहा, खरं सांगू? मला घोडा दिसतच नाही. डाग दिसतात.’

‘तुम्ही इथले नाही म्हणून.’

‘मग न्यायाधीश तरी इथले असतील का?’

माणूस वाईट नाही, हेच वाईट आहे. आवाज चढवत नाही. आपण एकटेच ओरडतोय असं वाटतं.

आईला खोकला लागलाय. डॉक्टरला त्यांच्या साखळीच्या गाडीतून वर आणला. म्हणाला, छातीत पाणी आहे, खाली हलवा. आई म्हणाली, ‘मला त्या झोपाळ्यात बसवून लोकांना दाखवणार का?’ डॉक्टर हसला. मी नाही हसले.

तू ‘आई आहे तोवर’ लिहिलंस. ठीक. शब्द पाळ.

मुंतहा


ऐनशूहा
१७ फेब्रुवारी १९९९

थोडक्यात लिहिते, हात दुखतो.

आई आहे तशी आहे. आता खोकला नाही. झोपलीय.

मला तुझ्याकडून एक कागद हवाय. ‘मी माझा हिस्सा विकत नाही आणि माझ्या वतीने कुणालाही विकू देणार नाही’, एवढंच. आपल्या वकिलातीत जाऊन शिक्का मारून घे. तिथून वकिलातीचं शहर लांब आहे हे मला माहीत आहे. तरी जा. तू म्हणालास, आई आहे तोवर सही नाही. मग हे लिहून द्यायला काय जातंय?

कारण विचारू नको. फोन करू नको, दुकानातला फोन बिघडलाय.

कंपनीकडून काही आलं तर न उघडता ठेवून दे.

लवकर.

मुंतहा


ऐनशूहा
८ मार्च १९९९

तानिऊस, आई गेली.

आठ फेब्रुवारीला गेली, सोमवारी सकाळी. मी दूध तापवत होते. तिने विचारलं, ‘पाळणे सुरू झाले का?’ मी म्हटलं, झाले. वळून बघितलं तर खिडकीकडे तोंड करून तशीच बसलेली, पण नव्हती. आज अठ्ठावीस दिवस झाले. मागचं पत्र लिहिलं तेव्हा तिला पुरून आठ दिवस झाले होते. खोकला नाही असं मी लिहिलं, तेवढं खरं होतं. दुकानातला फोन चालू होता.

का लिहिलं ते तुला कळलं असेल. ‘आई आहे तोवर.’ मग मी तिला ठेवली. तुझ्या त्या गावात आपल्याकडचं एकही घर नाही, याचं मला आजवर वाईट वाटायचं, दुखलंखुपलं तर कोण येईल म्हणून. या वेळी बरं वाटलं. कुणी सांगणार नव्हतं.

चर्चच्या दारावर काळ्या चौकटीचा कागद लागला. त्यावर सगळ्यात वर तुझं नाव, ‘तिचा मुलगा तानिऊस, परदेशी’. माझं खाली. बायका विचारत होत्या, ‘तानिऊस फोनवर रडला असेल गं?’ मी म्हटलं, रडला. ‘येत नाही का?’ म्हटलं, विमान मिळालं नाही. अख्ख्या गावासमोर मी तुला रडवलं आणि तुला पत्ता नाही.

आता ती खाली कशी गेली ते ऐक. हे तुला दुसरं कुणी नीट सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुरायचं, ते तुला माहीत आहे. दुसरा दिवस संत मारूनचा. सुट्टी. उतारावर शर्यत, परदेशी पाहुणे आलेले, झेंडे, कर्णे. आदल्या दुपारी मस्यू गसान घरी आला. टोपी काढून आईजवळ उभा राहिला, क्रूस केला. मग मला बाहेर घेऊन म्हणाला,

‘मादाम, मनापासून वाईट वाटलं. उद्या चारनंतर न्या. आमची गाडी देतो, आत गरम असते.’

‘चारला निघून चर्चमधून दफनभूमीत पोचेपर्यंत काळोख पडतो. काळोखात आम्ही पुरत नाही.’

‘मग परवा सकाळी. उतार उघडायच्या आधी.’

‘परवा? ती भाजी आहे का, आज नाही तर परवा?’

मग म्हणाला, हळूच म्हणाला, ‘उतारावर हजार माणसं असतील. कुणी येऊन धडकलं तर? कागद तुमच्याच वडिलांचा आहे. बर्फ आमचा. त्यावरून कोण कधी जाईल, ते आम्हालाच बघावं लागतं.’

मी ऐकून घेतलं. तानिऊस, मी. मी बावन्न वर्षांत कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. पण बाबा हसून म्हणाले होते, बर्फ पाहिजे तर घेऊन जा, आणि त्यांनी नेला. तो त्यांच्या बायकोच्या वाटेवर पडेल, हे कुणी सांगितलं नाही त्यांना. त्या दिवशी आईला बघायला फक्त सहा बाया आल्या, ज्यांना पाळण्यात भीती वाटत नाही अशा. बाकीचं गाव खाली, मान वर करून आपल्या घराकडे बघत.

संध्याकाळी रूकोझ आला, पाळणे बंद व्हायच्या आत. आईच्या हाताला ओठ लावले. मला म्हणाला, ‘ख़ालती, उद्या अकराला दार उघडं ठेव. माणसं मी धाडतो.’

‘काय करणार आहेस?’

‘माझं काम. बटण दाबणार.’

सकाळी नऊपासून सात माणसं एकेक करून पाळण्यातून वर आली, स्कीवाल्यांच्या रांगेत उभी राहून. सणाचे कोट घातलेले, पायांत साधे बूट. फादर अंतून झग्यावर कुणाचं तरी लाल जाकीट घालून आले. अकराला तार थांबली. सगळ्या तारा. आवाज एकदम गेला, तेव्हा कळलं किती आवाज असतो ते. वरच्या ठाण्यावरून कुणाला सोडेनात, म्हणून उतारही रिकामा झाला.

पुढची उजवी बाजू मुलाची. तुझी. तू नाहीस म्हणून ती रूकोझची, पण तो खाली बटणापाशी. सात माणसं, आठवा खांदा नाही. मी गेले. आपल्याकडे बाई खांदा देत नाही. फादर अंतूनने माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकात बघितलं.

आई वजनाला काही नव्हती. लाकूड जड. गुडघाभर बर्फ, तोफांचा बर्फ, वरून कडक, खाली पोकळ. शर्यतीच्या लाल-निळ्या काठ्यांमधून सरळ खाली. आणि डोक्यावर पाळण्यांत माणसं लटकलेली, शंभर असतील, दोनशे असतील, पायांना फळ्या बांधलेल्या, ना वर जाता येतंय ना खाली. एकाने ओरडून विचारलं, ‘काय चाललंय? किती वेळ?’ शेजारच्याने त्याला काहीतरी सांगितलं असावं. मग त्याने टोपी काढली. मग पुढच्या पाळण्यातल्याने. एक पोरगी पूर्ण वेळ रडत होती, थंडीने की कशाने, मला माहीत नाही. मी दोनदा पडले. दोन्ही वेळा पेटी कललीसुद्धा नाही, बाकीच्यांनी धरली. आई मेल्यावर मी एकदाही हसले नव्हते, पण दुसऱ्यांदा पडले तेव्हा मला तिचा आवाज ऐकू आला, देव तिला उभं करो, पण घाई नको, आणि मी त्या पेटीखाली हसले. मागचा माणूस म्हणाला, ‘ताई, हुंदका आवर, आलंच चर्च.’

चाळीस मिनिटं लागली. पेटी चर्चच्या दारात टेकली आणि तार सुरू झाली.

रूकोझला त्याच दिवशी काढलं. त्याला दोन मुली आहेत. मी म्हटलं, तुझं नुकसान झालं. म्हणतो, ‘तानिऊस असता तर त्यानेही दाबलं असतं.’ मी त्याला हो म्हटलं नाही. मला माहीत नाही, तू काय केलं असतंस.

मस्यू गसान परवा भेटला. म्हणाला, भावाला आम्ही शोकपत्र पाठवतोय, सोबत विक्रीचे कागद. म्हणजे तुला कळणारच होतं. म्हणून मी घाईने कबूल करतेय असं तुला वाटलं तर वाटू दे. थोडं आहेही तसं. पण दुसरं कारण चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना. फादर अंतून म्हणाले, ‘मुंतहा, वेदीसमोर मुलाचं नाव घेऊन मी प्रार्थना म्हणतो, आणि मुलाला आई मेल्याचं ठाऊक नाही. हे मला जमणार नाही.’ त्यांनी कसं ओळखलं विचारू नको. मी त्यांच्याकडेच तर कबुलीला जाते.

आता माझं म्हणणं. मी तुला विकू नको असं सांगत नाहीये. ते सांगायला मी मेलेल्या आईला जिवंत ठेवलं, पुन्हा नाही करणार. पण या महिन्यात मी एकटी त्या घरात बसून एक गोष्ट बघितली. मला वाटायचं, मला कंपनीने कोंडलंय. कंपनी चार वर्षांची आहे. त्याआधी अकरा वर्षं मी त्याच दारात बसले होते आणि जाळी नव्हती. तू खालचं घर न विचारता विकलंस, आणि वरच्याबद्दल ना ठेव म्हणालास ना सोड. मी छत दुरुस्त करू की नको? झाडं लावू की नको? माझं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं, कारण आईजवळ कोण, आणि घर कुणाचं, याला उत्तर तुझ्याकडे होतं आणि तू गप्प. दरवाजा बर्फाने बंद होतो तो एप्रिलमध्ये उघडतो. तुझ्या गप्प बसण्याने झाला तो पंधरा वर्षं उघडला नाही.

तेव्हा दोनच गोष्टी. विकायचं असेल तर विक म्हण. मी त्याच दिवशी सही करेन. गावात नाजीबच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत, तोंड दक्षिणेला, तिथून काही दिसत नाही, मला चालेल. ठेवायचं असेल तर ये. तिथे बसून ठेवायचं नाही. कोर्टात वाटेचा हक्क मागायला दोन्ही वारस उभे राहावे लागतात. एक मी आहे. ‘नंतरचं नंतर पाहू’ आता नाही. नंतरचं आलं.

प्रार्थना मी पुढे ढकलून घेतलीय, लाझारच्या शनिवारी, सत्तावीस मार्चला. त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, पंचवीस मार्चला, उम्म मीलादच्या दुकानात फोन कर. नंबर मागे लिहिलाय. संध्याकाळी पाच वाजता. तुमच्याकडे तेव्हा दुपारचे बारा, रूकोझने हिशोब करून दिला. मी तीनपासून तिथे बसेन. आईसाठी रडायचं असेल तर आधी रडून घे. फोनवर मला फक्त ऐकायचंय, विक की येतो.

गुरुवारी पाचला.

तुझी बहीण
मुंतहा